नफ्यात वाटा, तोट्यातही वाटा

रविवारची सकाळ आहे, कुणाकडे पोहे असतील, कुणाकडे घावणे. आजचा विषय पैशाचा आहे, तेव्हा चहा हातात घेऊनच ऐका.

सुरुवात माझ्या नुकसानीपासून करते. काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका नव्या, छोट्या कंपनीत पाचशे पौंड घातले. हॉटेलांतलं आणि चिप्सच्या दुकानांतलं तळणीचं वापरलेलं तेल गोळा करायचं आणि त्याचं बायोडिझेल करायचं, असा त्यांचा धंदा. भांडवल त्यांनी क्राउडफंडिंगने जमवलं, म्हणजे इंटरनेटवरून शेकडो लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन. आणि तेही इस्लामी पद्धतीने, व्याजाचा संबंध न ठेवता, शेअर देऊन. दोन वर्षांनी कंपनी बंद पडली. सगळे हिशेब झाल्यावर माझ्या खात्यात एकवीस पौंड परत आले.

साधारण त्याच सुमारास श्रीवर्धनहून फोन आला. माझे मामू बावीस वर्षं कुवेतला नोकरीत होते. त्या कमाईतला मोठा भाग त्यांनी गावाकडे एका योजनेत ठेवला होता. तीही ‘हलाल’ योजना. दर महिन्याला ठरलेली रक्कम घरी यायची. एका महिन्यात ती आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मामू चौकशीला गेले तर ऑफिसला कुलूप.

माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. ती मला म्हणाली, “अम्मी, तुझंही हलाल, मामूंचंही हलाल. दोघांचेही पैसे बुडाले. मग फरक काय?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आजचं माझं बोलणं म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि ते फक्त मुसलमान घरांसाठी नाही. तुमची मुलंही आता फोनवरून कुठल्या कुठल्या ‘ग्रीन’ कंपन्यांत पैसे घालतात, तेव्हा सगळ्यांनीच ऐकावं असं आहे.

आधी क्राउडफंडिंग. शब्द नवा, पण गोष्ट आपल्या ओळखीची. ‘मंथन’ सिनेमा आठवतो? १९७६ सालचा, श्याम बेनेगलांचा. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील. त्या सिनेमाचे निर्माते होते गुजरातचे पाच लाख दूधउत्पादक शेतकरी. प्रत्येकाने दोन रुपये दिले. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पण कल्पना हीच होती. एकाच धनिकाच्या दारात उभं राहण्याऐवजी अनेकांकडून थोडं थोडं घ्यायचं.

आज याचे चार मुख्य प्रकार आहेत. पहिला, दान: पैसे दिले, परत काही नको. अमेरिकेत २०१३ साली सुरू झालेलं लाँचगुड हे या प्रकारातलं जगभरच्या मुसलमानांचं मोठं व्यासपीठ. दुसरा, आगाऊ खरेदी: आज पैसे द्या, वस्तू तयार झाली की पहिली तुम्हाला. तिसरा, कर्ज: पैसे द्या, व्याजासह परत घ्या. चौथा, भागीदारी: पैसे द्या, कंपनीचे शेअर घ्या.

यातला तिसरा प्रकार नेहमीच्या रूपात इस्लामी पद्धतीत बसत नाही, कारण व्याज, म्हणजे रिबा, वर्ज्य आहे. यामागचा विचार सोपा आहे. पैसा स्वतः काही पिकवत नाही. माणूस कष्ट करतो, जमीन देते, माल विकला जातो, त्यातून वाढ होते. मग ज्याने पैसा दिला त्याने कसलाही धोका न पत्करता वाढीव रक्कम मागायची, समोरच्याचा धंदा बुडाला तरी मागायची, हे न्यायाला धरून नाही. त्याचबरोबर ‘घरर’, म्हणजे करारातला संदिग्धपणा, आणि ‘मैसिर’, म्हणजे जुगार, हेही नको. दारू, जुगाराचे अड्डे, डुकराचं मांस अशा धंद्यांत पैसा घालायचा नाही.

मग घालायचा कसा? आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर याचं उत्तर रोज सकाळी दिसतं. होडी बंदराला लागते, मासळी विकली जाते आणि पैशाचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. मासळी भरपूर मिळाली तर सगळ्यांची चैन. जाळं रिकामं आलं तर होडीवाल्याला डिझेल अंगावर पडतं आणि खलाशाची रात्र फुकट जाते. होडीवाला खलाशाला असं म्हणत नाही, की मासळी मिळो न मिळो, माझे अमुक रुपये उद्या सकाळी हवेत.

इस्लामी अर्थव्यवहारातली ‘मुदारबा’ जवळजवळ अशीच असते. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा आधी ठरलेल्या प्रमाणात, समजा साठ-चाळीस, वाटून घ्यायचा. धंदा प्रामाणिकपणे करूनही तोटा आला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत. ‘मुशारका’ म्हणजे दोघांचंही भांडवल. तिथे नफ्याचं प्रमाण आपसात ठरवता येतं, पण तोटा मात्र ज्याचं जेवढं भांडवल त्याच प्रमाणात सोसायचा. साधे शेअर घेणं हे या मुशारकेच्या जवळचं आहे. म्हणूनच नव्या कंपन्यांसाठी शेअरवालं क्राउडफंडिंग इस्लामी चौकटीत चांगलं बसतं.

आणखी दोन शब्द सांगते, कारण हिरव्या धंद्यांत ते कामाला येतात. ‘इजारा’ म्हणजे भाड्याने देणं. समजा एका बेकरीला छपरावर सौरपॅनेल बसवायची आहेत आणि खर्च वीस हजार पौंड आहे. ऐंशी जणांनी अडीचशे पौंड दिले, तर पॅनेल त्या ऐंशी जणांच्या मालकीची होतात. बेकरी त्यांना भाडं देते आणि मुदत संपली की पॅनेल विकत घेऊ शकते. आंब्याची बाग खंडाने देतो ना आपण, तसंच. दुसरा शब्द ‘मुराबहा’. यंत्र आधी विकत घ्यायचं, किंमत आणि आपला नफा दोन्ही उघड सांगायचे आणि मग ते यंत्र धंदेवाल्याला हप्त्यांनी विकायचं. इथे नफा ठरलेला असतो, पण तो खऱ्याखुऱ्या वस्तूच्या विक्रीतला. हप्ता थकला म्हणून रक्कम फुगवत न्यायची नाही.

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. मुराबहाच्या नावाखाली कागदावरच वस्तू फिरवून व्याजासारखाच व्यवहार केला जातो, अशी टीका इस्लामी अर्थशास्त्राचे अभ्यासकच करतात. ती टीका रास्त आहे. नाव अरबी असलं म्हणून व्यवहार शुद्ध होत नाही.

(संगीत)

आता हिरवा धंदा आणि धर्म यांचा संबंध काय?

लहानपणी वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, मी नळ सोडून ठेवला की आमची दादी ओरडायची. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी जपून वापरा, अशी पैगंबरांची शिकवण आहे, हे तिने मला डझनभर वेळा तरी ऐकवलं असेल. उधळपट्टीला ‘इस्राफ’ म्हणतात आणि ती दोष मानली आहे. माणूस हा पृथ्वीचा मालक नाही, विश्वस्त आहे. सृष्टीत एक तोल आहे, ‘मीज़ान’, आणि तो बिघडवू नये. कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असलं तरी ते लावून टाकावं, अशीही एक शिकवण आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वान एकत्र जमले आणि त्यांनी हवामानबदलावर इस्लामी जाहीरनामा काढला. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसची मोठी हवामान परिषद व्हायची होती. या जाहीरनाम्यात श्रीमंत आणि तेल उत्पादक देशांना थेट सांगितलं होतं, की या शतकाच्या मध्यापर्यंत प्रदूषणकारी वायूंचं उत्सर्जन थांबवा. आखाती पैशावर ज्यांची घरं उभी राहिली, अशा आमच्यासारख्या अनेक कोकणी कुटुंबांना यात अवघडल्यासारखं होतं, हे मान्य करते. आमच्या घरचं छप्पर कुवेतच्या तेलाचं आहे. पण म्हणूनच ही जबाबदारी आमच्यावर जास्त आहे.

इंग्लंडमधल्यांनी केंब्रिजची नवी मशीद पाहिली असेल. २०१९ साली ती खुली झाली. झाडाच्या फांद्यांसारखे लाकडी खांब, छतातून येणारा उजेड, साठवलेलं पावसाचं पाणी, हीटपंप. ती हजारो लोकांच्या देणग्यांतून आणि तुर्कस्तानातून आलेल्या मोठ्या मदतीतून उभी राहिली. हे झालं दानाचं उदाहरण.

गुंतवणुकीचं पाहायचं तर आग्नेय आशियाकडे पाहावं लागतं. मलेशियाने २०१५ मध्ये शेअरच्या क्राउडफंडिंगसाठी नियम केले. तिथेच २०१७ मध्ये साबा प्रांतातल्या सौरप्रकल्पासाठी पंचवीस कोटी रिंगिटचा हरित सुकूक निघाला. सुकूक म्हणजे व्याजाच्या रोख्याऐवजी मालमत्तेतल्या हिश्श्याचा कागद. पुढच्या वर्षी इंडोनेशियाच्या सरकारने सव्वाशे कोटी डॉलरचा हरित सुकूक काढला. २०१९ मध्ये त्यांनी सामान्य नागरिकांसाठीही असाच सुकूक ऑनलाइन विकला आणि किमान रक्कम ठेवली दहा लाख रुपिया. आकडा ऐकून दचकू नका, ते तेव्हाचे साधारण पन्नास-साठ पौंडच होते. हे क्राउडफंडिंग नव्हे, मागे सरकार उभं आहे. पण शिक्षिका, रिक्षावाला, दुकानदार यांचा छोटा पैसा हिरव्या कामाला जोडता येतो, हे त्यातून दिसतं.

नव्या कंपनीच्या मागे मात्र सरकार नसतं. आणि इथे आपण माझ्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो.

माझ्या बायोडिझेलवाल्यांनी पहिल्या दिवसापासून लिहून दिलं होतं, की तुमचे सगळे पैसे बुडू शकतात. दर तीन महिन्यांनी पत्र यायचं. किती लिटर तेल गोळा झालं, किती विकलं, किती पैसे शिल्लक आहेत. तिसऱ्या पत्रात त्यांनी स्वतःच लिहिलं, की मोठ्या कंपन्या हॉटेलांना तेलासाठी जास्त भाव देत आहेत आणि आम्हाला माल मिळेनासा झाला आहे. शेवटच्या पत्रात टाक्या आणि गाडी किती किमतीला विकली तेही होतं. दोन्ही संस्थापकांनी शेवटचे आठ महिने पगार घेतला नव्हता. माझं नुकसान झालं, पण त्यांचंही झालं. जाळं रिकामं आलं, आणि ते सगळ्यांसाठीच रिकामं आलं.

मामूंच्या योजनेत कधी पत्र आलं नाही. धंदा नेमका कोणता, हे मामूंना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. कधी सोनं म्हणायचे, कधी जमीन, अखेरीला तर सौरऊर्जाही म्हणाले. पण दरमहा रक्कम मात्र ठरलेली. कधी एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

मंडळी, खऱ्या धंद्याचा नफा असा येत नाही. आंबा एक वर्ष येतो, एक वर्ष येत नाही. मासळीचं तेच. जो म्हणतो की मी भागीदारी देतो आणि वर दरमहा ठरलेला परतावाही देतो, तो भागीदारी देत नाही. एक तर ते व्याज आहे, किंवा नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला दिलेली रक्कम आहे. दोन्ही हलाल नाहीत.

हे एकट्या मामूंचं नाही. त्यांची योजना वेगळी, लहान होती. पण बंगळूरची ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’ कंपनी जून २०१९ मध्ये कोसळली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. हलाल गुंतवणूक म्हणून हजारो मध्यमवर्गीय मुस्लिम कुटुंबांनी तिथे पैसे ठेवले होते. मुलींच्या लग्नाचे, हजचे, निवृत्तीचे. व्याज टाळायच्या श्रद्धेपोटीच ही माणसं तिथे गेली होती. त्यांच्या श्रद्धेचाच फायदा घेतला गेला, म्हणून ते जास्त लागतं.

तेव्हा मी माझ्या मुलीला आता जे पाच प्रश्न शिकवले आहेत, तेच तुम्हालाही सांगते. कागद-पेन घ्या.

पहिला प्रश्न: तोटा झाला तर कोणाचा? करारात तोट्याचं कलम कुठे आहे ते आधी वाचा. नफ्याची पानं नंतर. तोट्याचा उल्लेखच नसेल तर तिथेच थांबा. परतावा ठरलेला असेल तर विचारा, कोणत्या वस्तूच्या विक्रीतून किंवा भाड्यातून? ती वस्तू कुठे आहे?

दुसरा: पैसे कोणाच्या खात्यात जातात? व्यासपीठाला इथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीची, म्हणजे एफसीएची, परवानगी आहे का, हे त्यांच्या नोंदवहीत स्वतः शोधा. कंपनीने पाठवलेली लिंक नको. हवी तेवढी रक्कम जमली नाही तर पैसे परत मिळतात का, तेही पाहा.

तिसरा: शरियतचं प्रमाणपत्र कोणी दिलं? ‘आमचे उलेमा’ एवढं पुरेसं नाही. नावं हवीत, आणि त्यांनी नेमका हाच करार वाचला आहे का ते हवं. शिवाय कंपनीने उद्या बँकेचं व्याजी कर्ज काढलं तर काय, याचंही उत्तर हवं. आणि लक्षात ठेवा, उलेमा व्यवहाराचा प्रकार तपासतात. धंदा चालेल की नाही, हे सांगणं त्यांचं काम नाही.

चौथा: हिरवं म्हणजे किती हिरवं? हिरव्या पानाचं चित्र कोणीही काढतं. किती लिटर, किती युनिट वीज, किती किलो कचरा, कोणी मोजला? आकडा मिळाला नाही तर ती फक्त जाहिरात समजा.

पाचवा: बाहेर कसं पडायचं? नव्या कंपनीचे शेअर सहसा विकता येत नाहीत. पैसा पाच-सात वर्षं अडकला असंच धरून चाला.

ब्रिटनमध्ये सामान्य गुंतवणूकदाराला या प्रकारात आपल्या गुंतवणूकयोग्य मालमत्तेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे न घालण्याचं लिहून द्यावं लागतं. पहिल्यांदा गुंतवणूक करणाऱ्याला चोवीस तास थांबवलं जातं. त्या चोवीस तासांना कंटाळू नका, घरात कोणाशी तरी बोला. बँकेच्या ठेवीला जे संरक्षण असतं ते धंदा बुडाल्यावर इथे मिळत नाही. नव्या कंपन्यांच्या काही शेअरवर आयकरात मोठी सूट असते, पण करसवलतीच्या मोहाने वाईट धंदा चांगला होत नाही.

आपला कार्यक्रम आखातातूनही ऐकला जातो, म्हणून एक सूचना. अमिरातीत परवान्याशिवाय लोकांकडून देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांनी शंभर शंभर दिरहम टाका’ असं लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा, हेतू कितीही चांगला असो. आणि भारतातल्या भाच्याच्या स्टार्टअपला शेअरसाठी पैसे पाठवायचे असतील तर तिथे सामान्य लोकांकडून इंटरनेटवरून शेअर भांडवल गोळा करायला परवानगी नाही. सेबीने २०१६ मध्ये अशा व्यासपीठांबद्दल लोकांना सावधही केलं होतं. परकीय चलनाचे नियम आहेत ते वेगळेच. तेव्हा आधी सीएला विचारा, मग भाच्याला हो म्हणा.

कोणी म्हणेल, एवढ्या कटकटीपेक्षा आपली भिशी बरी. बरीच आहे. दहा बायका, दर महिन्याला एक चिठ्ठी, ना व्याज ना कागद. फक्त लिलावाची भिशी असेल तर जरा विचार करा. गरजू बाई घाईने कमी रक्कम उचलते आणि बाकीच्या तो फरक वाटून घेतात, तेव्हा व्याज मागच्या दाराने आत आलेलं असतं. साध्या भिशीची ताकद एवढीच, की सगळ्या एकमेकींना ओळखतात. इंटरनेटवर ती ओळख नसते. म्हणून तिथे तिची जागा उघड्या हिशेबाने भरून काढावी लागते.

मामूंचे पैसे अजून मिळाले नाहीत. पोलिसांत तक्रार आहे, तारखा पडत आहेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो. संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना माझ्या मुलीने मामूंना आपल्या फोनवर एक नवी कंपनी दाखवली. फेकून दिलेल्या नारळाच्या शेंड्या आणि काथ्यापासून कुंड्या करणारी. तिला तिच्या शनिवारच्या नोकरीच्या पगारातून पन्नास पौंड घालायचे होते. मला वाटलं, मामू आता संतापतील. ते शांतपणे म्हणाले, “पोरी, त्यांना विचार, कुंड्या विकल्या गेल्या नाहीत तर काय करणार?”

तिने विचारलं. दोन दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं, लांबलचक, आकड्यांसकट. ते तिने मामूंना मराठीत वाचून दाखवलं. मामूंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “हे बुडले तरी सांगून बुडतील.”

तिने पन्नास पौंड घातले आहेत. अजून नफा नाही, तोटाही कळलेला नाही. पत्र मात्र वेळेवर येतं.

बेटा, फरक काय असं तू विचारलं होतंस. फरक हाच.

मंडळी, आज इथेच थांबते. पैसे घालण्याआधी प्रश्न विचारा आणि तोट्याचं पान आधी वाचा. पुढच्या रविवारी पुन्हा भेटू. नमस्कार, खुदा हाफिज.